सुंभ जळला, पीळ राहिला

सुंभ जळतो, पण पीळ जळत नाही, ही म्हण आपण बहुधा गर्विष्ठ माणसाला उद्देशून वापरतो. जहागीर गेली, वाड्याच्या भिंती ढासळल्या, तरी पागोट्याचा तोरा कायम, असा माणूस दिसला की ती आपसूक ओठांवर येते. परंतु जुनी दप्तरे चाळताना मला पुष्कळदा वाटत आले आहे की, ही म्हण माणसाच्या ताठ्यापेक्षा त्याच्या समजुतींना अधिक लागू पडते. 'अमक्याचे कारस्थान आहे', 'तमका मेलेला नाही, योग्य वेळी प्रकट होईल', 'अमुक साली राज्य बुडणार' अशी एखादी समजूत घ्या. नेमलेला दिवस येतो आणि जातो. प्रकट होणारा प्रकट होत नाही. राज्य काही बुडत नाही. समजुतीचा सुंभ सर्वांच्या डोळ्यांदेखत जळून राख होतो. आणि त्या राखेत पीळ मात्र जसाच्या तसा दिसत राहतो. हे का होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूरदेशी जाण्याची गरज नाही. पुण्याच्या दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला असलेले भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके त्याला पुरेसे आहेत. वेल्ह्याला आता राजगड तालुका असे नवे नाव मिळाले आहे. पण माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाच्या तोंडून वेल्हे हेच नाव निघते, त्याला वाचकांनी क्षमा करावी. हिरडस मावळ, रोहिडखोरे, गुंजण मावळ, कानदखोरे ही सारी खोरी याच टापूतली. स्वराज्याची पहिली पावले येथे पडली, आणि अफवांची पावलेही येथे कमी उमटली नाहीत.

आधी तोरण्याकडे पाहू. शिवाजीमहाराजांनी १६४६-४७ च्या सुमारास हा गड घेतला, त्याची डागडुजी करताना तेथे धन सापडले, आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभारण्याच्या कामी आले, ही हकीकत आपण शाळेपासून ऐकत आलो आहो. तिचा एक परिणाम मात्र शाळेत सांगत नाहीत. त्या एका हंड्यापायी या डोंगरांत पुढे किती जणांनी चोरून कुदळी मारल्या असतील, त्याची गणती कोण करणार? वेल्ह्याच्या बाजारात एका वयोवृद्ध गृहस्थांशी हाच विषय निघाला असता मी म्हटले, "आजोबा, इतकी वर्षे लोक खणताहेत, कोणाला काही मिळाले का?" तेव्हा त्यांनी माझ्याकडे अतिशय दयेने पाहिले आणि ते म्हणाले, "अहो, एवढं खणूनसुद्धा मिळालं नाही, म्हणजे किती खोल पुरलं असंल, बघा की!"

वाचकांना हसू येईल, मलाही आले. तथापि या उत्तरात आपल्या प्रश्नाची अर्धी किल्ली आहे. एक तर, रिकामा खड्डा हा त्या गृहस्थांच्या लेखी विरोधी पुरावा नव्हता. तो धन अधिक खोल असल्याचा पुरावा होता. दुसरे असे की, त्यांची समजूत अगदीच निराधार म्हणता येत नाही. एकदा खरोखरच धन सापडले होते! राजकारणातल्या कारस्थानांचेही तसेच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो कटच होता. आणि त्याचा दोष घरातल्याच माणसाकडे जातो, हे रामशास्त्र्यांनी निर्भयपणे सांगितले. ज्या समाजाने असा एक खरा कट पाहिला, त्याला पुढे दहा खोटे कट खरे वाटले, तर त्यात नवल कसले? खोटी नाणी खपतात, कारण बाजारात खरी नाणी असतात.

आता पानिपताकडे वळू. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणात पडले. विश्वासरावांचा देह ओळखला गेला. भाऊंचा देह मागाहून सापडला, तो शिरावाचून. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. पुणे पानिपतापासून शेकडो कोस दूर. तेथवर निश्चित अशी बातमी येईतो तिला शंभर फाटे फुटलेले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी तर वैधव्याची चिन्हे धारणच केली नाहीत. १७८३ मध्ये त्यांचा अंत झाला, तोवर बावीस वर्षे त्या सौभाग्यवती म्हणूनच वावरल्या. या बाईंच्या श्रद्धेला हसण्याची कोणाची छाती आहे? परंतु ज्या दरवाजातून एका घरातली आशा आत येते, त्याच दरवाजातून तोतयाही आत येतो.

तो आला. सुखलाल नावाचा हा कनोजी ब्राह्मण चेहऱ्यामोहऱ्याने भाऊंसारखा दिसे म्हणतात. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि कैदेत पडला. येथे प्रकरण संपायला हवे होते. पण तसे झाले नाही. १७७६ साली तो रत्नागिरीस बंदीत असता तेथील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्याला बाहेर काढून 'भाऊसाहेब' म्हणून उभे केले. काही महिन्यांत कोकणातले किल्ल्यामागून किल्ले त्याच्या हाती गेले, वीसएक हजारांची फौज जमली, आणि हा भाऊ बोरघाट चढून राजमाचीपर्यंत येऊन ठेपला. (इंग्रजी पुस्तकांत या घाटाचे नाव 'भोर' असे छापलेले आढळते, आमच्या भोर गावाशी त्याचा काही संबंध नाही, एवढे भोरकरांच्या वतीने सांगून ठेवतो.) अखेर महादजी शिंद्यांनी त्याला खाली रेटले, आंग्र्यांनी पकडून दिले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यास त्याला देहदंड झाला. पुढे न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर नाटक लिहिले, ते जुन्या रसिकांना आठवत असेल.

विचार करण्याजोगी गोष्ट ही की, चौकशीत खोटा ठरलेल्या माणसामागे इतके लोक का गेले? १७७६ चा काळ डोळ्यांपुढे आणा. गादीवर दोन वर्षांचे मूल, कारभार बारभाईंचा, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला, मार्च महिन्यात पुरंदरचा तह झालेला, पण मने निवलेली नाहीत. अशा वेळी घरातला एक कर्ता पुरुष परत यावा, असे कोणाला वाटणार नाही? लोक तोतयावर विश्वासले, ते त्याचा चेहरा पाहून नव्हे. आपली गरज पाहून. शिवाय सरकारने त्याला मारले नव्हते, नुसते कोंडून ठेवले होते. 'खोटा असता तर जिवंत ठेवला असता काय?' असे म्हणायला जागा राहिली. मारला असता, तर 'खरा होता म्हणून मारला' असे म्हणायलाही तितकीच जागा होती. ज्या समजुतीला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो, तिला पाडणार कोण?

येथपर्यंत वाचून एखाद्या शहाण्या वाचकाला वाटेल की, हे सारे भोळ्याभाबड्या रयतेचे आणि स्वार्थी अंमलदारांचे दुखणे. शिकलेसवरलेले, कागदपत्रे राखणारे सरकार काही असे वागणार नाही. म्हणून पुढचे उदाहरण मी मुद्दाम सरकारचेच घेतो.

१८१८ साली पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने प्रतापसिंह छत्रपतींना साताऱ्यास गादीवर बसविले. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. पहिली काही वर्षे बरी गेली. १८३५ मध्ये तर कंपनीच्या डायरेक्टरांनी महाराजांच्या कारभाराची वाखाणणी करून त्यांना तलवार देऊ केली. भांडण होते ते जहागिरींचे. भोरचे पंतसचिव, औंधचे प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, अक्कलकोटकर, जतचे डफळे आणि वाईचे शेख मिरा या सहा जहागिरींवर हुकमत कोणाची, महाराजांची की कंपनीची? रोहिडा, राजगड, तोरणा ज्यांच्या मुलखात येत होते, त्या पंतसचिवांचे भोर या वादात अगदी मधोमध सापडले होते. महाराज तहावर बोट ठेवून हक्क मागत; मुंबई सरकारला ते बोट खुपे.

अशा स्थितीत १८३६ साली आरोप आला की, महाराजांनी तेविसाव्या पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितविण्याचा यत्न केला. लॉडविक, विलोबी आणि ओव्हान्स या तिघांची गुप्त चौकशी बसली. महाराजांना राज्यावरून दूर करण्याइतके काही तिच्यातून हाती लागले नाही. मग संशय फिटला काय? छे! दुसरा आरोप पुढे आला : महाराजांचे गोव्याच्या फिरंग्यांशी संधान आहे. पाठोपाठ तिसरा : नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालू आहे. गोव्याचे राज्य त्या काळी स्वत:लाच जेमतेम सांभाळीत होते, आणि आप्पासाहेब दूर जोधपूरला दुसऱ्याच्या आश्रयाने दिवस कंठीत होते. या दोघांच्या बळावर साताऱ्याचा राजा कंपनीचे राज्य उलथणार, ही कल्पना आज हास्यास्पद वाटते. पण बाजारातले आजोबा आठवा. एका जागी खणून मिळाले नाही. दुसऱ्या जागी खणा. तिसऱ्या जागी खणा. धन आहे याबद्दल मात्र शंका घ्यायची नाही!

१८३९ च्या ऑगस्टात नवे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक जातीने साताऱ्यास आले. त्यांनी महाराजांपुढे तोड ठेवली : आपल्याकडून तहाचा भंग झाला, असे मान्य करून या कागदावर सही करा, आणि गादी सांभाळा. महाराजांनी उत्तर दिले की, न केलेला गुन्हा मी कबूल करणार नाही. माझी उघड चौकशी करा. उघड चौकशी झाली नाही. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले आणि काशीस धाडण्यात आले. तेथेच १८४७ मध्ये ते वारले. गुप्त चौकशीत बसलेले जनरल लॉडविकच पुढे लंडनमध्ये सरकारच्या या कृतीविरुद्ध बोलले, पण तोवर फार उशीर झाला होता. ज्यांनी शिक्षा दिली, त्यांना आता मत बदलणे परवडत नव्हते. महाराज निर्दोष म्हटले, तर आपण कोण ठरतो, हा प्रश्न त्यांच्या उशाशी बसला होता. समजुतीसाठी माणसाने जितकी मोठी किंमत मोजलेली असते, तितकी ती सोडणे त्याला जड जाते. दुसऱ्याला मोजायला लावलेली किंमतही या हिशेबात धरावी लागते.

आणि आता आमच्या भोर तालुक्यातला माणूस या कथेत येतो. रोहिडखोऱ्यातल्या कारी गावच्या देशपांडे घराण्यातले, दादाजी नरसप्रभूंचे वंशज, रंगो बापूजी गुप्ते. महाराजांची कैफियत घेऊन ते समुद्रापार लंडनला गेले आणि १८४० ते १८५३ अशी जवळजवळ चौदा वर्षे त्यांनी तेथे काढली. जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्सन यांच्यासारखे इंग्रज मित्र मिळविले, कंपनीच्या भागीदारांच्या सभा गाजविल्या. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र लिहून हा माणूस महाराष्ट्रापुढे पुन्हा उभा केला, हे त्यांचे मोठेच उपकार होत.

रंगो बापूजींविषयी मला नितांत आदर आहे. म्हणूनच एक गोष्ट लिहिताना लेखणी जरा अडखळते. त्यांचीही एक समजूत होती : मुंबईचे अधिकारी लबाड आहेत, ते खरे वरपर्यंत कळूच देत नाहीत, एकदा वर कळले की न्याय होईल. मुंबईने नाकारले, तेव्हा कलकत्त्याकडे आशा. कलकत्त्याने नाकारले, तेव्हा लंडनचे डायरेक्टर. त्यांनी नाकारले, तेव्हा भागीदारांची सभा, मग पार्लमेंट. १८४७ साली ज्यांच्यासाठी भांडायचे, ते महाराज गेले. १८४८ मध्ये शहाजीराजेही गेले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केले. तरी रंगो बापूजी पुढे पाच वर्षे लंडन सोडीनात. न्याय प्रत्येक वेळी एक पायरी वर सरकत होता. ही सरकणारी पायरी आणि मुंबई सरकारचे सरकणारे आरोप, यांची ठेवण अगदी एक दिसते.

मग दोघे सारखेच काय? मला तसे म्हणवत नाही, आणि त्याला भावनेपलीकडचे कारण आहे. रंगो बापूजी आपली बाजू उजेडात मांडीत होते : हा तह, हा पुरावा, बोलवा साक्षीदार, करा उघड चौकशी. मुंबई सरकारची समजूत अंधारात वाढत होती : गुप्त चौकशी, गुप्त कागद, आरोपीला हरकत घेण्याची सोय नाही. हट्ट दोघांचाही होता. पण एकाचा हट्ट तपासाला तयार होता, दुसऱ्याचा नव्हता. खऱ्या तक्रारीत आणि खोट्या कारस्थानकथेत मला हाच भेद दिसतो.

या गोष्टीचा शेवट फार दारुण आहे. १८५७ उजाडले. प्लासीच्या लढाईला २३ जून रोजी शंभर वर्षे भरत होती, आणि कंपनीचे राज्य शंभर वर्षेच टिकणार, अशी भविष्यवाणी देशभर कानोकानी पसरली होती. रंगो बापूजी आता अर्ज करणारे राहिले नव्हते. साताऱ्यात खरोखरच उठावाची तयारी झाली. ती फुटली. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. कोणाला फाशी, कोणाला गोळी, कोणाला तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. १८३६ साली जो कट पुराव्याने सिद्ध करता आला नाही, तो एकवीस वर्षांनी खरा झाला. आणि तो खरा करण्यात त्या खोट्या संशयाचा वाटा सर्वांत मोठा होता. अधिकारी मात्र म्हणायला मोकळे झाले की, पाहा, आम्ही आधीपासून सांगत होतो!

भविष्यवाणीचे काय झाले? २३ जून आला आणि गेला. पण १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा निघून कंपनीचा अंमल संपला. भाविकांनी म्हटले, कंपनीचे राज्य बुडाले की नाही? इंग्रजांचे राज्य राहिले, ते राणीचे. भविष्यात तिचे नाव कोठे होते? स्वत: रंगो बापूजी सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत. नानासाहेब पेशवेही लागले नाहीत; आणि मग तोतयांचा जुना बाजार पुन्हा भरला. या खेपेला गिऱ्हाईक होते इंग्रज सरकार! १८७४ साली जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरीस 'नानासाहेब' म्हणून एक माणूस पकडून दिला. चौकशीअंती तो नाना नव्हे असे ठरले. लोकांना नाना हवे होते आशेपोटी, सरकारला हवे होते सूडापोटी.

ही रीत केवळ आपली नव्हे. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा दिवस धरला होता. तो दिवस गेला. पुष्कळ जण पांगले, पण काहींनी ठरविले की, तारीख बरोबर होती, घटना पृथ्वीवर नव्हे, स्वर्गात घडली. त्यांच्यातून एक पंथ उभा राहिला, तो आजही आहे. पुढे १९५६ साली लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एका लहानशा मंडळीवर पुस्तक लिहिले. २१ डिसेंबर १९५४ ला जलप्रलय होणार, असे ती मंडळी मानीत होती. प्रलय झाला नाही, तेव्हा ते अधिकच जोमाने प्रचाराला लागले, असे या विद्वानांनी मांडले. गंमत अशी की, या अभ्यासाचे जुने कागद नव्याने तपासणाऱ्यांनी अलीकडे आक्षेप घेतला आहे की, निरीक्षकच त्या मंडळीत शिरून घटनांना वळण देत होते आणि निष्कर्ष पुराव्यापुढे धावले. म्हणजे पक्क्या समजुतीविषयीची एक समजूतही पक्की होऊन बसली होती! म्हणून एकाच सूत्रात सारे बसविण्याचा मोह मी टाळतो.

आमच्या मावळापुरते मला जे दिसते, ते इतकेच. कट कधीतरी खरे असतात, म्हणून खोटे खपतात. अधिकारी गप्प बसतात किंवा दार लावून चौकशी करतात, म्हणून अफवेला मोकळे रान मिळते. समजुतीपायी मोजलेली किंमत परत मागता येत नाही, म्हणून ती कवटाळली जाते. आणि आपल्याबरोबर चार माणसे तेच म्हणत असली, की एकट्याने मागे फिरणे म्हणजे घर सोडण्यासारखे वाटते.

या दिवाळीत फराळाला मंडळी जमली की राजकारण निघणारच. कोणी काका चकलीचा तुकडा मोडीत एखादे कारस्थान उलगडून दाखवतील. त्यांना हसू नये, आणि भांडूही नये. प्रेमाने एवढेच विचारावे : "काका, काय दिसलं म्हणजे तुम्ही म्हणाल की असं नव्हतं?" काकांनी काही उत्तर दिले, तर बोलण्यात अर्थ आहे, कदाचित त्यांचेच खरे निघेल. 'काहीही दिसलं तरी' असे ते म्हणाले, तर लाडवांचे ताट पुढे करावे. मात्र तोच प्रश्न आपल्या आवडत्या समजुतीलाही एकदा विचारावा, आणि त्या वेळी घरात दुसरे कोणी नसले तरी चालेल.

प्रतापसिंह महाराजांपुढे जो कागद ठेवला होता, त्यावर एक सही केली असती, तर गादी राहिली असती. सरकारची समजूत शाबूत, महाराजांचे राज्य शाबूत, सगळे सोयीचे होते. त्या माणसाने सोय नाकारली आणि चौकशी मागितली. कारीच्या वाटेने कधी गेलात, तर रंगो बापूजींबरोबर त्या न झालेल्या सहीचीही आठवण ठेवा.